हस्तिशाळेतील वंशावळ

आबूरोड स्थानकावर उतरलेला यात्रेकरू सुमारे २८ किलोमीटरचा घाट चढून आबू पर्वतावर येतो आणि तेथून देलवाडा गाठतो. विमलवसहीच्या दाराशी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात एकच ओढ असते. आत जाऊन मूलनायक आदिनाथ प्रभूंचे दर्शन घ्यावे आणि मग रंगमंडपात उभे राहून छतावरील संगमरवरी कमळ आणि सोळा विद्यादेवी डोळे भरून पाहाव्यात. सकाळची वेळ पूजेसाठी राखलेली. इतर दर्शनार्थींना प्रवेश दुपारी बारानंतर. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवायच्या, छायाचित्रे घ्यायची नाहीत. या सगळ्या घाईत प्रवेशद्वारासमोरची एक वास्तू बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ती म्हणजे हस्तिशाळा.

या शाळेत संगमरवराचे दहा हत्ती उभे आहेत. त्यांच्या पाठीवरचे स्वार बहुतांशी काळाने आणि आक्रमकांनी नेले. पीठांवर कोरलेली नावे मात्र राहिली. हत्तींच्या पुढे एक पुरुष घोड्यावर बसलेला आहे. त्याचे मुख मंदिराकडे, म्हणजे प्रभूंकडे आहे. हेच दंडनायक विमल, समाजाच्या बोलीतील विमलशाह. अणहिलवाड पाटणच्या चौलुक्य राजा पहिल्या भीमदेवाचे ते सेनानी. वि. सं. १०८८ मध्ये, म्हणजे इ. स. १०३१ मध्ये, त्यांनी हे जिनालय उभारले.

सिरोही, जालोर आणि गोडवाड या प्रदेशांतून व्यापारासाठी दक्षिणेकडे उतरलेली अनेक पोरवाड कुटुंबे आज मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर अशा गावांत स्थिर झाली आहेत. जुन्या लेखांतील ‘प्राग्वाट’ ज्ञाती ती हीच. यांपैकी कित्येक घरांत, विशेषतः लग्नकार्याच्या बैठकीत, कोणी वडीलधारा अभिमानाने सांगतो, ‘आपण विमलशाहांच्या वंशातले.’ ऐकणारे माना डोलावतात. या विधानाला आधार कोणता, असे विचारण्याची पद्धत नाही. तरीही ज्या समाजात एका पैशाच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत किर्द आणि खतावणी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली जाते, त्या समाजाने आपल्या पूर्वजाची नोंद न ताडता स्वीकारावी, हे थोडे विसंगतच आहे. आणि नोंद ताडून पाहायची तर हस्तिशाळेपेक्षा योग्य जागा दुसरी नाही.

हे दहा हत्ती एकाच वेळी बसवलेले नाहीत. पहिले सात वि. सं. १२०४ मध्ये महामात्य पृथ्वीपालाने बसवले. हा कुमारपाल राजाचा मंत्री. विमलवसहीचा मोठा जीर्णोद्धारही याच काळात त्याने केला. उरलेले हत्ती पुढच्या पिढीने वि. सं. १२३७ मध्ये बसवले. पहिल्या सात पीठांवरील नावे क्रमाने अशी : नीना, लहर, वीर, नेढ, धवल, आनंद आणि स्वतः पृथ्वीपाल. पुढच्या हत्तींवर जगदेव आणि धनपाल ही नावे येतात. मंत्र्यांच्या एका घराण्याची ही वंशावळ आहे. ती पाठ करणाऱ्याच्या जिभेवर न सोडता दगडावर उतरवलेली आहे.

ही ओळ वाचताना एक गोष्ट लक्षात येते. वीर हा विमलाचा पिता आणि नेढ हा विमलाचा थोरला बंधू. वीरानंतर वंशावळ नेढाकडे वळते आणि तेथूनच पुढे जाते. घोड्यावरचा विमल सर्वांच्या पुढे आहे, पण हत्तींच्या रांगेत नाही. त्याचा पुत्र म्हणून एकही नाव तेथे आढळत नाही.

आता मंदिराच्या आत जावे. चौकाभोवती फिरणाऱ्या ओवरीत पन्नासहून अधिक देवकुलिका आहेत. त्यांपैकी दहाव्या देवकुलिकेत वि. सं. १२०१ चा, म्हणजे हत्तींच्याही तीन वर्षे आधीचा, एक लेख आहे. दशरथ नावाच्या श्रावकाने नेमिनाथ प्रभूंचे बिंब तेथे प्रतिष्ठित केले आणि सोबत आपले कूळ नोंदवले. त्यातही नीना, लहर, वीर हीच नावे. वीराचे पुत्र नेढ आणि विमल. नंतर मात्र शाखा निराळी. नेढाचा पुत्र लालिग, लालिगाचा महिंदुक आणि महिंदुकाचे पुत्र हेम व दशरथ. म्हणजे पृथ्वीपाल आणि दशरथ हे दोघे नेढाच्या दोन वेगळ्या शाखांचे. दोघांनी काही वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या ठिकाणी आपली वंशावळ कोरवली.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकाला येथे आनंद व्हावा. एकाच व्यवहाराच्या दोन स्वतंत्र नोंदी हाती आल्या की ताळा घेता येतो. नेढापासून पृथ्वीपालापर्यंत तीन पिढ्यांचे अंतर आणि नेढापासून दशरथापर्यंतही तीनच. विमलवसहीच्या प्रतिष्ठेपासून दशरथाच्या लेखापर्यंत ११३ वर्षे होतात. तीन पिढ्यांना हे अंतर थोडे ऐसपैस वाटले तरी अशक्य नाही. दोन्ही शाखा एकमेकींना दुजोरा देतात. नेढापासून खालची नोंद, व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, मिळती आहे.

वरच्या पिढ्यांचा ताळा मात्र इतक्या सुखाने लागत नाही. पृथ्वीपालाच्या आश्रयाने हरिभद्रसूरींनी रचलेल्या ग्रंथांच्या प्रशस्तींत या कुळाचा पूर्वेतिहास आला आहे. त्यानुसार मूळ पुरुष नीना हा श्रीमाळचा, म्हणजे आजच्या जालोर जिल्ह्यातील भीनमाळचा. तेथून तो उत्तर गुजरातेतील गांभू गावी आला आणि पाटण वसवणाऱ्या वनराजाने त्याला सन्मानाने आपल्या नगरात नेले. त्याच्या पुत्राने, लहराने, विंध्याच्या अरण्यातून हत्ती आणून राजाची सेवा केली. वीर हा मूलराजाच्या काळातील मंत्री. ही हकीगत मनोरम आहे. पण परंपरेनुसार वनराजाने पाटणची स्थापना वि. सं. ८०२ मध्ये केली आणि मूलराजाचे राज्य इ. स. ९४२ च्या सुमारास सुरू झाले. सुमारे दोनशे वर्षांचे हे अंतर नीना, लहर आणि वीर या तीन नावांत भरून निघणे कठीण आहे. मधली काही नावे गळाली असावीत, किंवा ‘वंशज’ या अर्थी लिहिलेला शब्द पुढे ‘पुत्र’ म्हणून वाचला गेला असावा. वनराजाशी जोडलेला संबंध हा कुळाचे मूळ पाटणच्या मुळाइतकेच जुने दाखवण्याच्या स्वाभाविक इच्छेतून आलेला असण्याचीही शक्यता आहे. यात कोणी खोटेपणा केला असे म्हणण्याचे कारण नाही. मागच्या वहीतून नव्या वहीत शिल्लक ओढताना एखादी रक्कम राहून जाते, तसेच येथे झाले असावे.

या कुळाच्या पूर्वजांनी भीनमाळ, गांभू आणि पाटण असा प्रवास केला. विमलाचा मार्ग पाटणहून चंद्रावतीकडे आणि तेथून आबूवर गेला. चंद्रावतीचे अवशेष आबूरोडजवळ, बनास नदीकाठी आहेत. एके काळच्या या समृद्ध राजधानीचा संगमरवर एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या बांधकामासाठीही वाहून नेला गेला. आज तेथे उभे राहिले तर तुटक्या चौथऱ्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. विमल ज्या नगरातून कारभार पाहत होते ते नगर नाहीसे झाले. पर्वतावर त्यांनी जे अर्पण केले ते राहिले.

सेनानी म्हणून विमलांनी काय केले, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. उत्तरकालीन प्रबंधांत, विशेषतः लावण्यसमयाच्या वि. सं. १५६८ मधील ‘विमलप्रबंधा’त, त्यांच्या पराक्रमाच्या पुष्कळ कथा आहेत. पण हा ग्रंथ प्रतिष्ठेनंतर पावणेपाचशे-पाचशे वर्षांनी लिहिला गेला. त्याआधीच्या नोंदी कमी बोलतात आणि म्हणूनच अधिक मोलाच्या आहेत. विमलवसहीतीलच वि. सं. १३७८ च्या लेखात सांगितले आहे की आबूचा परमार राजा धंधुक हा भीमदेवाच्या रोषामुळे धारच्या भोजराजाच्या आश्रयाला गेला आणि भीमदेवाने विमलाला आबूवर दंडपती नेमले. जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्पा’त या प्रसंगाचा पुढचा भाग येतो. धंधुकावर रागावलेल्या गुर्जरनरेशाची विमलाने समजूत घातली, धंधुकाला चित्रकूटाहून, म्हणजे चितोडहून, परत आणले आणि त्याच्या संमतीने आबूवर मंदिर बांधले.

या गोष्टीचा पडताळा तिसऱ्याच पक्षाच्या नोंदीतून मिळतो. सिरोही जिल्ह्यातील वसंतगड येथील वि. सं. १०९९ च्या लेखात धंधुकाचा पुत्र पूर्णपाल राज्य करताना दिसतो. विमलवसहीच्या प्रतिष्ठेला तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. परमारांचे घर बुडाले नव्हते. ते आपल्या भूमीवर नांदत होते. जिंकलेल्या राजाला त्याचे घर परत मिळवून देणारा सेनापती, एवढे विमलांच्या चरित्राविषयी बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अहिंसाधर्मी कुळातील योद्ध्याची याहून चांगली नोंद कोणती असू शकेल?

शस्त्रधारी श्रावकाचा प्रश्न जैन परंपरेने कधी टाळलेला नाही. गृहस्थाचे व्रत अणुव्रत आहे. संकल्पपूर्वक केलेली हिंसा त्याला वर्ज्य; राज्याच्या आणि प्रजेच्या रक्षणात घडणारी विरोधी हिंसा त्याच्याकडून पूर्णपणे टळत नाही, असा विवेक शास्त्रकारांनी केला. पण टळत नाही म्हणून तिचा भार नाही, असे कोणी म्हटले नाही. परंपरा सांगते की युद्धांत घडलेल्या हिंसेने उत्तरायुष्यात विमलांचे मन व्यथित झाले. त्यांनी आचार्यांजवळ प्रायश्चित्त मागितले आणि आबूवर तीर्थ उभारण्याचा उपदेश त्यांना मिळाला. मंदिराला १८ कोटी ५३ लाख द्रव्य लागले, भूमीसाठी जमिनीवर नाणी अंथरली, असेही सांगतात. तो हिशेब तपासायला आज कोणतीही वही उपलब्ध नाही. लेखांनी मात्र त्यांची ‘दंडपती’ ही पदवी लपवलेली नाही. वंशजांना संकोच वाटावा म्हणून तलवार पुसून टाकलेली नाही आणि गौरव वाटावा म्हणून मंदिराच्या गाभाऱ्यातही नेलेली नाही. घोडेस्वार दाराबाहेर आहे आणि त्याचे मुख प्रभूंकडे आहे.

विमलांना पुत्र का नव्हता, याचीही एक लोककथा आबूच्या परिसरात आणि गुजरातेत सांगितली जाते. अंबिकादेवी प्रसन्न झाली आणि म्हणाली, पुत्र किंवा मंदिर, यांपैकी एकच माग. विमल आणि त्यांची पत्नी श्रीदेवी विचारात पडली. तहान लागली म्हणून ती दोघे एका बावडीवर गेली, तेव्हा तेथे बसलेल्या तरुणाने पाण्याचे पैसे मागितले. ‘ही बावडी माझ्या पूर्वजांनी बांधली आहे,’ असे त्याने सांगितले. ज्या पूर्वजाने वाटसरूंसाठी पाणी मोकळे ठेवले, त्याचाच वंशज त्याच्या नावावर पाणी विकत होता. पती-पत्नींनी एकमेकांकडे पाहिले आणि देवीकडे मंदिर मागितले.

कथा म्हणून ही कथा आहे. तिला लेखाचा आधार मागू नये. आबूच्या नंतरच्या लेखांत स्वतःला विमलाच्या वंशाचे म्हणवणारे श्रावकही भेटतात. तेथे ‘वंश’ म्हणजे सख्खी संतती की भावांसकट सारे कूळ, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. तरीही बावडीवरचा तो तरुण विसरण्यासारखा नाही. पूर्वजाच्या नावाने काय घ्यायचे आणि काय द्यायचे, हा प्रश्न त्याने प्रत्येक मोठ्या कुळासमोर ठेवला आहे.

विमलवसहीच्या शेजारीच लूणवसही आहे. वस्तुपाल आणि तेजपाल हे बंधूही प्राग्वाट, मंत्री आणि योद्धेच. तेजपालाने वि. सं. १२८७ मध्ये उभारलेल्या या मंदिरातील हस्तिशाळेतही पूर्वज आहेत. पण येथे एक मोठा फरक दिसतो. पूर्वजांच्या मूर्तींसोबत त्यांच्या पत्नींच्याही मूर्ती आहेत. माता कुमारदेवी आणि तेजपालाची पत्नी अनुपमादेवी यांची नावे लेखांत आदराने येतात. माऊ, साऊ, धनदेवी अशी सात बहिणींची नावे नोंदलेली आहेत आणि त्यांच्या श्रेयासाठी देवकुलिका अर्पण केल्या आहेत. परंपरेनुसार मंदिराचे नाव पडले ते अकाली निवर्तलेल्या लूणिग या भावावरून. पुरुषांच्या नावांची एकेरी साखळी लिहिणाऱ्या कित्येक वंशावळी आठशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीपुढे अपुऱ्या वाटतात.

आज एखाद्या कुटुंबाला आपले मूळ शोधायचे असेल तर आबूच्या या दोन मंदिरांनी पद्धतच घालून दिली आहे. पहिला आधार घरातील : मूळ गाव, गोत्र, कुलदेवी आणि जुन्या वह्या. दुसरा आधार वहीवंच्याचा किंवा कुलगुरूचा. पूर्वी हे लोक काही वर्षांनी यजमानाच्या घरी येत, बासनातून लांबट वही काढून पिढ्यांची नावे वाचून दाखवत आणि नव्या जन्मांची, विवाहांची नोंद करून दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जात. अशा वह्या अजूनही काही घराण्यांकडे आहेत. मात्र जीर्ण झालेल्या वहीवरून नवी उतरवली जाते, तेव्हा वरच्या पिढ्यांत चूक शिरण्याचा संभव असतो. अलीकडच्या पिढ्यांसाठी ती अधिक विश्वासार्ह मानावी.

तिसरा आधार बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तो मूळ गावच्या देरासरात, रोजच्या पूजेतल्या धातुप्रतिमांच्या पाठीवर असतो. प्रतिमालेखात संवत, मास, तिथी, ज्ञाती, करविणाऱ्याचे नाव, आईवडील, पत्नी आणि पुत्र, कोणाच्या श्रेयासाठी बिंब केले आणि कोणत्या आचार्यांनी प्रतिष्ठा केली, एवढा तपशील चार ओळींत मावतो. ‘श्रे.’ म्हणजे श्रेष्ठी, ‘भा.’ म्हणजे भार्या, ‘महं.’ हे मंत्रिपदाचे निदर्शक, एवढी संक्षेपाक्षरे ओळखता आली तरी वाचन सुरू होते. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६. गुजरातेत वर्ष कार्तिकात बदलते आणि मारवाडात चैत्रात, म्हणून एका वर्षाचा फरक गृहीत धरावा. महाराष्ट्रातील शक काढायचा असेल तर संवतातून १३५ वजा करावेत. विमलवसहीचा शक ९५३ येतो. आबूचे लेख मुनिश्री जयंतविजयजींनी अपार कष्टाने वाचून ‘अर्बुद प्राचीन जैन लेख संदोह’ या संग्रहात प्रसिद्ध केले. अशा संग्रहांतून गाव आणि ज्ञाती यांच्या आधारे शोध घेता येतो.

इतके करूनही बहुतेक कुटुंबांची साखळी काही पिढ्यांनंतर तुटेल आणि विमलशाहांपर्यंत पोहोचणार नाही. त्याने निराश होण्याचे कारण नाही. अल्लाउद्दीन खलजीच्या काळात आबूची मंदिरे भंगली. तेव्हा वि. सं. १३७८ मध्ये विमलवसहीचा जीर्णोद्धार केला तो लल्ल आणि वीजड यांनी. हे मंडोरकडचे, विमलाच्या कुळाबाहेरचे. त्यांनी लेखात आपले घराणे नोंदवले, पण त्यासोबत विमलाचे नाव, त्याचे पद आणि १०८८ हे प्रतिष्ठेचे वर्षही कोरले. आज ते वर्ष इतक्या निश्चयाने सांगता येते ते मुख्यतः या परक्या माणसांच्या प्रामाणिक नोंदीमुळे. थोरल्या भावाच्या नातवा-पणतवांनी विमलाला घोड्यावर सन्मानाने पुढे ठेवले, परक्यांनी त्याचे मंदिर सावरले. स्वतःला त्याचे पुत्र म्हणवण्याची गरज यांपैकी कोणालाही वाटली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी देलवाड्याला जाणाऱ्या कुटुंबाने हस्तिशाळेसाठी अर्धा तास राखून ठेवावा. मुलांना पीठांवरील नावे दाखवावीत आणि ‘आपण यांचे वंशज’ असे सांगण्याऐवजी आपल्याला खात्रीने माहीत असलेली नावे त्यांच्याकडून म्हणून घ्यावीत : आजोबांची, पणजोबांची, आणि त्यांच्यासोबत आजीची, पणजीची, त्यांच्या माहेरच्या गावांची. दिवाळीच्या वहीपूजनाला एक वेगळी वही आणून ती नावे तीत लिहावीत, लेकी-सुनांसह. जे ऐकीव आहे ते ‘ऐकीव’ म्हणून लिहावे. आणि व्यापारी जसा बिलाच्या तळाशी लिहितो, तसेच या वंशावळीच्या तळाशीही लिहावे : भू. चू. ले. दे.